दुब्रोव्हनिकचा मुक्काम: तट सकाळी, समुद्र दुपारी, जुनं शहर रात्री

क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकचं जुनं शहर एका वेशीपासून दुसऱ्या वेशीपर्यंत चालायला पाच-सात मिनिटं पुरतात. स्त्रादून हा मुख्य रस्ता जेमतेम तीनशे मीटर लांबीचा. त्यामुळे बरेच प्रवासी या शहराला एकच दिवस देतात, आणि तोही चुकीच्या वेळेचा. सकाळी दहाला, म्हणजे क्रूझ जहाजांचे गट उतरतात त्याच सुमाराला ते पोहोचतात, भर बाराच्या उन्हात शहराभोवतीच्या तटबंदीवर चढतात आणि सहाच्या बसनं परततात. खरं तर त्या वेळेला शहर नुकतं मोकळं होऊ लागलेलं असतं. इथं तीन रात्री राहा आणि दिवस उन्हाच्या, जहाजांच्या व वाऱ्याच्या हिशेबानं आखा. पुढचा सगळा बेत त्याच हिशेबावर बेतलेला आहे.

कधी जावं

मराठी घरांत मोठा प्रवास बहुतेक मे महिन्यात किंवा दिवाळीत ठरतो. दुब्रोव्हनिकसाठी हे दोन्ही काळ थोडे अडचणीचे आहेत. मेमध्ये हवा सुरेख असते, पण समुद्राचं पाणी १८-१९ अंशांच्या आसपास असतं. कोकणच्या कोमट पाण्याची सवय असलेल्या माणसाला ते गार लागतं आणि मुलं पाच मिनिटांत कुडकुडत बाहेर येतात. दिवाळी नोव्हेंबरकडे सरकली तर गाठ पावसाळ्याशी पडते. नोव्हेंबर हा इथला सर्वांत पावसाळी महिना असतो, तेव्हा बोटींच्या फेऱ्या कमी होतात आणि बरीच खानावळी-हॉटेलं बंद असतात.

जमत असेल तर गणपती आटोपून निघा. सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा हा उत्तम काळ, कारण उन्हाळाभर तापलेलं पाणी तेव्हाही २२-२४ अंशांवर असतं आणि उन्हाचा ताव उतरलेला असतो. मेमध्येच जाणं भाग असेल तर महिन्याचा शेवट गाठा. जुलै-ऑगस्ट मात्र टाळा. १० जुलै ते २५ ऑगस्ट या काळात इथला जुना नाट्य-संगीत महोत्सव असतो, त्याच्याचसाठी जायचं असेल तर गोष्ट वेगळी.

तारखा ठरल्या की दुब्रोव्हनिक बंदराच्या संकेतस्थळावरचं जहाजांचं वेळापत्रक उघडा. कोणत्या दिवशी कोणती क्रूझ किती वाजता येणार आणि सुटणार, हे तिथं आधीच कळतं. ज्या दिवशी जहाजं नाहीत किंवा कमी आहेत, तो दिवस तटबंदीसाठी राखा.

व्हिसा: एक प्रवेश की अनेक?

१ जानेवारी २०२३पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे आणि चलनही युरो आहे. जुन्या प्रवासवर्णनांतलं कुना चलन विसरा. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो, शिवाय अर्ज केंद्राचं सेवाशुल्क. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट निदान तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन पानं कोरी असावीत. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यासाठी भेटीच्या वेळा लवकर संपतात, म्हणून निदान अडीच-तीन महिने हाताशी ठेवा.

आता नेहमी फसवणारी गोष्ट. दुब्रोव्हनिकचा पट्टा उरलेल्या क्रोएशियापासून जमिनीवर तुटलेला आहे. मध्ये न्यूम गावाजवळ बोस्नियाची किनारपट्टी आडवी येते, आणि बोस्निया शेंगेनमध्ये नाही. एकाच प्रवेशाचा व्हिसा असलेला प्रवासी त्या वाटेनं गेला की त्याचा प्रवेश वापरून संपतो आणि क्रोएशियात पुन्हा शिरताना तो अडकतो. जुलै २०२२मध्ये पेल्येशात्सचा पूल खुला झाल्यापासून बोस्नियाला वळसा घालता येतो. पण उत्तरेकडच्या स्प्लिट शहराहून येणारी प्रत्येक बस पुलावरूनच जाईल असं गृहीत धरू नका. तिकीट काढण्यापूर्वी 'पेल्येशात्सच्या पुलावरून की न्यूमवरून?' असं स्पष्ट विचारा.

मोस्तारला (बोस्निया) किंवा कोतोरला (माँटेनेग्रो) एका दिवसाची सहल करायची असेल तर अर्जातच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा आणि सहलीचा बेत सोबतच्या पत्रात लिहा. असा वैध व्हिसा हाती असला की भारतीयांना या दोन्ही देशांत अल्प मुदतीसाठी जाता येतं. तरीही निघण्यापूर्वी त्या-त्या देशाचा ताजा नियम पाहून घ्या. कोतोरच्या वाटेवर उन्हाळ्यात सीमेवरच दोन-दोन तास जाऊ शकतात, त्यामुळे सकाळी सातच्या आत निघालेलं बरं.

पोहोचणं आणि पाट्या वाचणं

भारतातून थेट विमान नाही. इस्तंबूलमार्गे किंवा युरोपातल्या एखाद्या मोठ्या विमानतळावरून जावं लागतं. दुब्रोव्हनिकला रेल्वेही नाही. विमानतळ चिलिपी इथं, शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर आहे. विमानांच्या वेळा धरून सुटणारी शटल बस साधारण दहा युरोंत जुन्या शहराच्या पश्चिमेकडच्या पिले वेशीपाशी उतरवते आणि पुढे ग्रूझ या बंदराच्या भागातल्या बसस्थानकावर जाते. येताना डावीकडची खिडकी धरा, समुद्र आणि तटबंद शहराचं पहिलं दर्शन त्याच बाजूला होतं.

शहरातल्या बसचं तिकीट टपरीवर थोडं स्वस्त पडतं, चालकाकडे थोडं महाग. चढताच ते यंत्रात नोंदवायचं. पिले ते ग्रूझ १ए आणि १बी, पिले ते लापाद ४, पिले ते बाबिन कूक ६ (या दोन्ही जुन्या शहराबाहेरच्या वस्त्या), एवढे क्रमांक पाठ असले तरी काम भागतं. जुन्या शहराभोवती वाहनांवर निर्बंध असल्यानं टॅक्सी अगदी वेशीला लावेलच असं नाही.

पाट्या वाचताना इंग्रजी 'जे'सारखं दिसणारं अक्षर 'य' वाचा आणि साधा 'सी' हा 'त्स' वाचा. मग बान्ये, लोव्रियेनात्स, स्वेती याकोव ही नावं बसचालकालाही कळतील अशी उच्चारता येतात.

कुठं राहावं

जुन्या शहराच्या आत राहण्याची हौस अनेकांना असते, आणि पहाटे सहाला रिकाम्या स्त्रादूनवर पाऊल ठेवण्यासारखं सुख नाही हे खरंच. पण आत गाड्या येत नाहीत, लिफ्ट जवळजवळ कुठेच नाहीत, आणि स्त्रादूनच्या उत्तरेकडच्या गल्ल्या म्हणजे नुसते जिने. खोली घेताना मालकाला एकच प्रश्न विचारा: 'जवळच्या बसथांब्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती?' उत्तर आकड्यात मागा. 'थोड्याच आहेत' हे उत्तर शंभर पायऱ्यांनाही मिळू शकतं. सामान खांद्यावरच्या सॅकमध्ये आणा. चाकांच्या बॅगा दगडी फरसबंदीवर भयंकर आवाज करतात आणि रहिवाशांना त्याचा मनापासून त्रास होतो.

आईवडील बरोबर असतील, गुडघे दुखत असतील किंवा लहान मुलं असतील तर लापाद घ्या. तिथं सपाट, वाहनमुक्त हमरस्ता सरळ उथळ खाडीवर उतरतो, आणि बसनं जुनं शहर पंधरा-वीस मिनिटांवर आहे. खर्च आटोक्यात ठेवायचा असेल आणि बेटांवर बोटीनं जायचं असेल तर ग्रूझ. पूर्वेकडच्या वेशीबाहेरच्या प्लोचेतून दिसणारं दृश्य सर्वांत देखणं, भाडंही सर्वांत जास्त.

तटबंदी: कशी चढावी

तटाची एकूण लांबी १,९४० मीटर, उंची काही ठिकाणी २५ मीटर. फेरी एकाच दिशेनं, घड्याळाच्या उलट करायची असते. निवांत चालीनं दीड ते दोन तास लागतात.

आधी तिकिटाचं. अलीकडे हंगामात नुसत्या तटाचं तिकीट ४० युरोंच्या घरात गेलं आहे, हिवाळ्यात ते बरंच उतरतं. त्याच सुमाराच्या किमतीत एका दिवसाचा 'दुब्रोव्हनिक पास' मिळतो, ज्यात तट, अनेक संग्रहालयं आणि शहर बस हे सगळं येतं. त्यामुळे सुटं तिकीट काढण्यात सहसा अर्थ नसतो. पास अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या आणि त्याच वेळी त्या आठवड्याचे उघडण्या-मिटण्याचे तास व प्रवेशाचे नियम पाहून ठेवा.

चढायला तीन जागा आहेत: पिले वेशीच्या आत, पूर्वेला प्लोचेच्या बाजूला, आणि जुन्या बंदराजवळ सेंट जॉन किल्ल्यापाशी. पिलेला रांग सर्वांत मोठी, कारण सगळे गट तिथूनच शिरतात. प्लोचेकडून चढा. त्याचा दुसराही फायदा आहे. मिन्चेता बुरुजाकडचा उभा चढ तिथून सुरुवातीलाच, पायांत ताकद आणि हवेत गारवा असताना होऊन जातो. पुढे पिलेपर्यंत उतार, आणि मग समुद्राच्या अंगानं जाणारा लांब, सौम्य भाग. पिलेकडून सुरुवात केली तर हाच मिन्चेताचा चढ शेवटी, उन्हानं करपल्यावर येतो.

वेळ उन्हाळ्यात सकाळी आठची, दार उघडताच. तटावर सावली जवळपास नाही. पांढरा दगड खालूनही उष्णता फेकतो आणि साडेदहानंतर अरुंद भागांत माणसांमागे माणूस सरकतो. फोटोंसाठी मात्र सकाळ तितकी चांगली नाही. मिन्चेतावरून शहर आग्नेयेला पसरलेलं दिसतं, त्यामुळे सकाळचा सूर्य डोळ्यांवर येतो. कौलांचा केशरी रंग हवा असेल तर बंद होण्यापूर्वीचे दोन तास गाठा, पण मग पाय उचलावे लागतील.

प्रत्येकी एक लिटर पाणी, टोपी आणि पकड असलेले बूट घ्या. वर पाणी मिळतं, पण महाग. खाली पिले वेशीलगत ओनोफ्रिओचं गोल कारंजं आहे. ते १४३८ सालचं, सुमारे १२ किलोमीटरवरून आणलेल्या पाण्यावर चालणारं. त्याच्या सोळा कोरीव मुखांतलं पाणी आजही पिण्याजोगं आहे, बाटल्या तिथंच भरा. तिकीट मध्येच पुन्हा तपासतात, म्हणून ते मोबाइलवर असेल तर बॅटरी सांभाळा. एकदा खाली उतरलात की त्याच तिकिटावर परत चढता येत नाही.

चालताना कौलांकडे नीट पाहा. बहुतांश छपरं एकसारखी झळझळीत केशरी दिसतात, मध्येच काही फिकट, डागाळलेली, पिवळट-तपकिरी. फिकट आहेत ती जुनी. झळझळीत कौलं १९९१-९२मध्ये युगोस्लाव्ह सैन्यानं घातलेल्या वेढ्यानंतर बसवलेली. ६ डिसेंबर १९९१ रोजी जुन्या शहरावर सर्वांत भीषण तोफमारा झाला होता, आणि तेव्हा हे शहर बारा वर्षांपासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत होतं. युद्धाचा हा हिशेब संग्रहालयात न जाताही तटावरून दिसतो.

पिलेबाहेर वेगळ्या कड्यावर लोव्रियेनात्स किल्ला आहे. त्याच्या दारावर लॅटिनमध्ये कोरलंय की जगातल्या सगळ्या सोन्याच्या मोलानंही स्वातंत्र्य विकू नये. तटाच्या तिकिटात हा किल्लाही येतो, तो संध्याकाळसाठी ठेवा.

समुद्र: वाळूची अपेक्षा घरी ठेवा

गणपतीपुळे किंवा कळंगुट डोळ्यांसमोर ठेवून आलात तर पहिल्या क्षणी हिरमोड होईल. इथले किनारे खड्यांचे, गोट्यांचे किंवा सरळ कातळाचे आहेत. पण त्यामुळेच पाणी इतकं नितळ असतं, ढवळायला गाळच नसतो. भरती-ओहोटीचा फरक इथं जेमतेम वीतभर, त्यामुळे कोकणातल्यासारखं पंचांग पाहावं लागत नाही. तळ मात्र चटकन खोल होतो. बऱ्याच ठिकाणी दोन पावलांत गळ्याइतकं पाणी लागतं. पोहता न येणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

रबरी तळव्याचे पाण्यातले बूट सर्वांत आधी घ्या. कातळांच्या फटींत सी अर्चिन, म्हणजे काळ्या काट्यांचे गोळे असतात. पाय पडला तर काटे कातडीत मोडतात. चिमट्यानं सरळ रेषेत ओढून काढा, जखम धुवा आणि तुकडे आत राहिले असतील तर औषधाच्या दुकानात दाखवा. त्याला इथं 'ल्येकार्ना' म्हणतात.

बान्ये हा किनारा प्लोचे वेशीपासून पाच मिनिटांवर, समोर तटबंदी आणि लोक्रूम बेट. खुर्च्यांचं भाडं डोळे पांढरे करणारं असलं तरी शेजारचा मोकळा भाग फुकट आहे. आणखी वीस-एक मिनिटं चालून लांबलचक जिना उतरला की स्वेती याकोव लागतो. तो शांत आहे आणि दुपारनंतर ऊन बराच वेळ टिकतं. परतीचा जिना मात्र हिशेबात धरा. लोव्रियेनात्सच्या पायथ्याशी शुलिच आहे, छोटासा पण सोयीचा. दक्षिण तटातल्या एका भोकातून (त्यालाच 'बुझा' म्हणतात) कातळावर उतरता येतं. ती जागा पट्टीच्या पोहणाऱ्यांसाठी. शिडीनं पाण्यात उतरायचं आणि लाटा असतील तर अजिबात उतरायचं नाही. लाट कातळावर आपटून मागे खेचते, आणि शिडी हाताला लागत नाही. मुलांना घेऊन लापादच्या खाडीत जा, सूर्यास्तही तिथूनच छान दिसतो.

खरी वाळू हवी असेल तर ग्रूझहून बोटीनं लोपुद बेटावर. साधारण तासाभराचा प्रवास. बेटावर मोटारी नाहीत. बंदरापासून पलीकडच्या शुञ किनाऱ्यावर अर्धा तास चालत जायचं, तिथं उथळ वाळूचा तळ आहे. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ उतरतानाच फोटो काढून ठेवा.

वाऱ्याचीही ओळख हवी. 'यूगो' हा आग्नेयेचा दमट वारा, तो लाटा आणि ढग आणतो, तेव्हा बुझा आणि बान्ये दोन्ही विसरा. 'बूरा' ईशान्येकडून डोंगरावरून कोसळतो. आकाश लख्ख असतं, पण झोत इतके जोराचे की शहरामागच्या स्रज डोंगरावरची केबल कार बंद ठेवतात. तिकीट आगाऊ काढण्यापूर्वी हवामान पाहा. केबल कार नको असेल तर नागमोडी पायवाटेनंही तास-सव्वा तासात ४१२ मीटरच्या माथ्यावर पोहोचता येतं, फक्त वाऱ्याच्या आणि दुपारच्या वेळा टाळा.

पोहून थेट जुन्या शहरात शिरायचं असेल तर अंगावर कपडे चढवा. पोहण्याच्या कपड्यांत किंवा उघड्या अंगानं फिरल्यास दंड होतो.

लोक्रूमला अर्धा दिवस द्या. जुन्या बंदरातून पंधरा मिनिटांची बोट. मोर, बेनेडिक्टाइन मठाचे अवशेष आणि मधोमध समुद्राशी जोडलेलं छोटं खारं तळं. हे तळं लहानांना पोहायला सगळ्यांत सुरक्षित. बेटावर मुक्कामाला परवानगी नाही, धूम्रपानालाही नाही.

संध्याकाळी सहानंतर, आत

जहाजं सुटली की स्त्रादून पुन्हा शहरवासीयांचा होतो. ही फरसबंदी शतकानुशतकांच्या पावलांनी आरशासारखी झाली आहे. पाऊस पडला तर चप्पल घालून चालू नका, घसरणं ठरलेलं. जिथं तुम्ही उभे असता तिथं पूर्वी खाडीचा चिंचोळा भाग होता, एका बाजूला रागुझाचं (हे दुब्रोव्हनिकचं जुनं नाव) खडकाळ बेट आणि दुसऱ्या बाजूला मुख्य भूमी. तो बुजवून हा रस्ता झाला. रागुझाचं हे व्यापारी प्रजासत्ताक १८०८ साली नेपोलियनच्या फौजांनी संपवलं.

६ एप्रिल १६६७च्या भूकंपात शहराचा बराचसा भाग कोसळला. स्पोन्झा प्रासाद मात्र वाचला. ही जुनी जकातकचेरी. तिच्या कमानीवर मजकूर आहे: आमची मापं फसवू देत नाहीत, मी माल तोलतो तेव्हा देव मला तोलतो. वजनकाट्याच्या जागी उभं राहून तो वाचावा. जवळच्या रेक्टरच्या प्रासादात रेक्टरला, म्हणजे प्रजासत्ताकाच्या प्रमुखाला, एकच महिना पद मिळे. सत्ता एका घरात साचू नये म्हणून.

शहराचा रक्षक संत व्लाहो, म्हणजेच सेंट ब्लेझ. तटांवर आणि वेशींवर हातात शहराची प्रतिकृती धरलेली जी मूर्ती पुन्हा पुन्हा दिसते, ती त्याचीच. गोव्यातल्या तिसवाडीतल्या गवंडाळी गावचं सोळाव्या शतकातलं चर्चही याच संताचं आहे आणि दुब्रोव्हनिकच्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांशी त्याचं नातं सांगितलं जातं. पणजी-ओल्ड गोव्याकडे जाणाऱ्यांनी कधी वाट वाकडी करून ते पाहावं. संत व्लाहोचा उत्सव दुब्रोव्हनिकमध्ये ३ फेब्रुवारीला असतो.

प्लोचेबाहेरच्या लाझारेती इमारती चुकवू नका. साथीच्या प्रदेशातून येणाऱ्यांना तीस दिवस शहराबाहेर ठेवण्याचा नियम दुब्रोव्हनिकनं १३७७ साली केला. या इमारती त्या व्यवस्थेचा नंतरचा टप्पा. फ्रान्सिस्कन मठातलं औषधालय १३१७पासूनचं आहे.

शाकाहारींचं जेवण

किनारा माशांचा आहे, तरी उपाशी राहावं लागत नाही. 'बेझ मेसा' म्हणजे मांसाशिवाय, 'बेझ रिबे' माशाशिवाय, 'बेझ याया' अंड्याशिवाय. तिन्ही वेगवेगळे सांगा. नुसतं 'बेझ मेसा' म्हटलं तर ताटात मासा येऊ शकतो. 'झेलेना मेनेस्त्रा' या नावात हिरवा रंग आहे आणि दिसायलाही ती पालेभाजी वाटते, पण त्यात धुरावलेलं मांस असतं. सुपाचं पाणीही अनेकदा मांसाचंच. बटाटा घातलेली 'ब्लित्वा' ही पालेभाजी, चीजचा 'बुरेक सा सिरोम' आणि पिझ्झा बहुतेक ठिकाणी मिळतात. 'रोझाता' या गोड पदार्थात अंडी असतात.

गुंदुलिच चौकातला बाजार सकाळी भरतो आणि दुपारी उठतो. सुके अंजीर आणि साखरेत मुरवलेल्या संत्र्याच्या सालीची 'अरांचिनी' तिथूनच घ्या. रविवारचं सामान शनिवारीच भरा, कारण दुकानांना वर्षातले सोळाच रविवार उघडं राहण्याची मुभा आहे. एटीएमनं 'रुपयांत आकारू का?' असं विचारलं तर नकार द्या आणि युरोतच रक्कम घ्या. रुपयांचा दर नेहमी तोट्याचा असतो.

परतीच्या दिवशी

विमानतळाची बस जाताना पिलेला थांबत नाही. ती ग्रूझ बसस्थानकावरून सुटते आणि जुन्या शहराच्या वर, केबल कारच्या स्थानकाजवळ थांबते. तो थांबा चढावर आहे. आदल्या संध्याकाळी बॅगेशिवाय एकदा तिथवर चालून या आणि लागलेली मिनिटं मोजा. बॅगेसह त्याच्या दीडपट वेळ धरा. शेंगेनबाहेर जाणाऱ्या प्रवाशांची पारपत्र तपासणी आता बोटांच्या ठशांसह होते, त्यामुळे उन्हाळ्यात विमानाच्या तीन तास आधी पोहोचा.